भोवऱ्याजवळची कातडी दिसायला लागली, आता?

टक्कल सुरू झाल्याची बातमी बहुधा फोटोतून कळते. पाठमोरा फोटो, वरून पडलेला उजेड आणि भोवऱ्याच्या आजूबाजूला केसांमधून चमकणारी कातडी. रोजच्या आरशात भोवरा दिसत नाही, आणि कानशिलांवरची कड इतकी सावकाश मागे सरकते की रोज पाहणाऱ्याला ती हललेली कळतच नाही. त्यातून आपले डोळेही फसवतात. एखाद्या जागेची जवळजवळ निम्मी दाटी जाईपर्यंत ती जागा भरलेलीच वाटते. ‘आत्ताच सुरुवात झालीय’ असं म्हणत माणूस डॉक्टरांकडे जातो, तेव्हा सुरुवात होऊन बहुतेक वेळा काही वर्षं उलटलेली असतात.

हे आधीच सांगायचं कारण असं, की पुरुषी टक्कलावरच्या औषधांचा हातखंडा आहे तो असलेले केस राखण्यात. गेलेले परत आणायला ती तोकडी पडतात. ज्या मुळात अजून धुगधुगी आहे त्याला ती सावरतात. गुळगुळीत झालेल्या माथ्यावर त्यांचं फारसं काही चालत नाही. म्हणून वर्ष-दोन वर्षं तेलं, शाम्पू, जीवनसत्त्वाच्या गोळ्या करून झाल्यावर तज्ज्ञाकडे जाणं म्हणजे बैल गेला नि झोपा केला.

मुळाशी काय चाललेलं असतं

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातला प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, पुढे तीनेक महिने तो नुसता मुळात टिकून राहतो आणि गळून पडतो. त्याच मुळातून नवा केस येतो. रोज ५० ते १०० केस जाणं हा या फेऱ्याचाच भाग आहे. त्यामुळे कंगव्यातले केस मोजत बसण्यात अर्थ नाही. पुरुषी टक्कलात किती केस गळतात यापेक्षा त्यांच्या जागी कसले येतात हे महत्त्वाचं. दर फेऱ्यात वाढीचा काळ थोडा आखडतो, मूळ थोडं आक्रसतं आणि आधीच्यापेक्षा बारीक, आखूड, फिकट केस उगवतो. असे काही फेरे झाले की दाट केसाच्या जागी लव उरते, कपाळावर असते तशी.

हे घडवून आणणारं संप्रेरक म्हणजे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, रोजच्या बोलण्यात डीएचटी. टेस्टोस्टेरॉनपासून ते बनवणारं विकर ५-अल्फा रिडक्टेज. १९४२ मध्ये जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की वयात येण्याआधी ज्यांचे वृषण काढले गेले त्यांना टक्कल पडत नाही. पण घराण्यात टक्कल असलेल्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं की पडायला लागतं. पुढे १९७४ मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या काही पुरुषांमध्ये हे विकर जन्मतःच कमी होतं. त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहिली होती आणि डोक्यावरचे केस शाबूत होते. फिनास्टेराइड या औषधाची कल्पना तिथून निघाली.

‘माझं डीएचटी वाढलंय का, रक्त तपासून सांगा’ हा प्रश्न डॉक्टरांना वारंवार ऐकावा लागतो. बहुतेकांचं डीएचटी नेहमीच्या पातळीतच असतं. त्यांच्या माथ्यावरची मुळं त्याला जास्त जुमानतात, एवढंच. डोक्याच्या मागची नि कानांवरची मुळं जुमानत नाहीत, म्हणून तिथली झालर शेवटपर्यंत राहते. संवेदनशीलता अनुवंशाने येते आणि ती दोन्ही बाजूंनी येते. ‘आईच्या वडिलांना बघ’ या सल्ल्यात थोडं तथ्य आहे, कारण त्यातलं एक महत्त्वाचं जनुक आईकडून मिळणाऱ्या एक्स गुणसूत्रावर असतं. पण बाकीची कितीतरी जनुकं इतरत्र विखुरलेली आहेत.

पहिली भेट: कुणाकडे, काय घेऊन

जायचं त्वचारोगतज्ज्ञाकडे. रिसेप्शनशेजारच्या खुर्चीत बसवून, हातातला कॅमेरा डोक्याला लावून ‘तुमची ग्रेड चौथी’ म्हणत पॅकेज काढणारा समुपदेशक डॉक्टर नसतो. निदान करणाऱ्याचं पोट त्याच निदानावर विकल्या जाणाऱ्या मालावर चालत असेल तर सावध राहावं. केसाने गळा कापणं हा वाक्प्रचार या धंद्याला फारच चपखल बसतो.

भेटीच्या दिवशी सकाळी डोकं धुऊ नका. शक्य असेल तर आदल्या दिवशीही नको. धुताना सुटे झालेले केस निघून जातात आणि केस ओढून करायची चाचणी फसवी निघते. तेल, जेल, विरळपणा झाकणारी पावडर, ताजा कलप यांतलं काहीही नको, कारण डॉक्टरांना कातडी आणि केसाची जाडी दिसायला हवी. पाच आणि दहा वर्षांपूर्वीचे, डोक्याचा वरचा भाग दिसणारे दोन-तीन फोटो बरोबर ठेवा. तोंडी वर्णनापेक्षा ते जास्त बोलतात. सुरू असलेल्या सगळ्या औषधांची यादी न्या. व्यायामशाळेत कुणी दिलेली इंजेक्शनं आणि पावडरीही त्यात येतात आणि लाज नेमकी तिथेच आड येते. बाहेरून घेतलेलं टेस्टोस्टेरॉन किंवा अॅनाबॉलिक स्टेरॉइड हे टक्कल भराभर पुढे ढकलतं. आयसोट्रेटिनोइन, लिथियम, व्हॅल्प्रोएट, रक्त पातळ करणारी काही औषधं यांनी वेगळ्या तऱ्हेने केस गळू शकतात, त्यामुळे तीही सांगायला हवीत. मागच्या सहा महिन्यांत मोठा ताप, शस्त्रक्रिया किंवा झपाट्याने वजन उतरणं झालं असेल तर महिन्यासकट सांगा.

महिना कशाला, तर अशा धक्क्यानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस गळायला लागतात. सगळ्या डोक्यावरून, सारखे. धक्का सरला की बहुतेकांचे केस आपोआप परत येतात. या गळतीला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात आणि ती पुरुषी टक्कलाच्या जोडीनेही येऊ शकते. दोन्हींचा गुंता झाला की माणूस घाबरून पाच उपचार एकदम सुरू करतो आणि जी गळती मुळात आपसूक थांबणारच होती ती थांबल्याचं श्रेय पाचांपैकी सर्वांत महागड्या बाटलीला देतो.

तपासणी बघायला साधी असते. डॉक्टर माथ्यावरची आणि डोक्याच्या मागची दाटी शेजारी शेजारी ताडून बघतात. मग ५०-६० केसांची बट अंगठा आणि दोन बोटांत कातडीलगत धरून टोकापर्यंत हळू ओढतात. दोन-तीन केस आले तर ठीक. सहाच्या वर आले तर नेहमीपेक्षा जास्त गळती चालू आहे. नुसत्या पुरुषी टक्कलात ही चाचणी बऱ्याचदा काहीच दाखवत नाही, आणि त्यातूनही अर्थ निघतो. पुढचं यंत्र डर्माटोस्कोप, म्हणजे प्रकाश असलेलं भिंग. त्यातून माथा पाहिला की एकाच छिद्रातून जाड केस, त्याच्या बगलेला निम्म्या जाडीचा आणि तिसरा लवेसारखा, असे निरनिराळ्या जाडीचे केस दिसतात. दिसणाऱ्या केसांपैकी २० टक्क्यांहून अधिकांच्या जाडीत असा फरक पडला असेल तर पुरुषी टक्कलाचं निदान जवळपास पक्कं होतं. मागच्या बाजूला मात्र सगळे केस एका मापाचे. ही दोन चित्रं डॉक्टरांना स्क्रीनवर दाखवायला सांगा. एकदा ती पाहिली की औषध नेमकं कशासाठी घ्यायचं हे पुन्हा समजावून सांगावं लागत नाही.

नंतर पायरी ठरवतात. हॅमिल्टनने १९५१ मध्ये बांधलेली आणि ओटार नॉरवूडने १९७५ मध्ये सुधारलेली सात पायऱ्यांची मोजणी आजही चालते: पहिलीत कड जागच्या जागी, तिसरीत कानशिलांवर खोल खाचा, सातवीत फक्त मागची झालर. वयात आल्यावर मुलाची कपाळाची कड थोडी वर सरकते तेवढी दुसरी पायरी, ती टक्कलात धरत नाहीत. कित्येक पोरं तेवढ्यावरच औषध मागायला येतात.

रक्ततपासण्यांचा भारा सगळ्यांना लागत नाही. चित्र सरळ असेल तर एकही नको. गळती सगळ्या डोक्यावर असेल, थकवा किंवा वजनात फरक असेल तर थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बघतात. बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी सांगा. त्यांच्यामुळे थायरॉइडचे आकडे खोटे येतात आणि हृदयविकारात पाहिल्या जाणाऱ्या ट्रोपोनिनचेही. अमेरिकी औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याचा इशारा दिला होता.

थांबायचं नाही अशा काही खुणा आहेत. डोक्यावर आग, ठणका, लालसरपणा, पू, जाड खपल्या. भुवया विरळ होणं. आणि सर्वांत वाईट म्हणजे छिद्रंच न दिसणारी, काचेसारखी चकचकीत कातडी. व्रण पडत जाणाऱ्या आजारांत मूळच कायमचं नष्ट होतं, तिथे आठवड्यांचाही हिशेब असतो, आणि शंका असेल तर ४ मिलिमीटरचा तुकडा काढून बायोप्सी करावी लागते. गोल गोल चकत्या पडल्या तर ती बहुधा चाई. तिचा उपचार संपूर्ण वेगळा आहे.

मिनॉक्सिडिल, थेंबाथेंबाने

हे औषध मुळात रक्तदाबाच्या गोळीतलं. रुग्णांच्या अंगावर केस वाढायला लागले म्हणून ते डोक्याला लावून पाहिलं गेलं. अमेरिकेत २ टक्क्यांच्या द्रावणाला १९८८ मध्ये मान्यता मिळाली. पुरुषांसाठी आता ५ टक्के वापरतात. मात्रा दिवसातून दोनदा, दर वेळी १ मिलिलिटर. ६० मिलिलिटरची बाटली बरोबर महिनाभर जाते, आणि पन्नासाव्या दिवशीही ती अर्धी भरलेली असेल तर औषध लागू पडत नाही ही तक्रार करायची जागा डॉक्टरांचा दवाखाना नव्हे.

लावण्याची रीत नीट असली तर निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत. कातडी आणि केस कोरडे हवेत. बोटांनी भांग पाडा, ड्रॉपरमधला पाव मिलिलिटर त्या भांगेवर सोडा, बोटाच्या टोकाने कातडीवर पसरा. एका बोटाच्या अंतरावर दुसरा भांग, पुन्हा पाव. चार भांगांत १ मिलिलिटर संपतं. केसांवर पडलेलं औषध फुकट जातं, कारण काम कातडीत व्हायचं असतं. फेस वापरत असाल तर दर वेळी अर्धं झाकण. तो बोटांच्या उबेने विरघळतो म्हणून आधी हात गार पाण्याने धुऊन पुसून घ्या. लावून झाल्यावर हात साबणाने धुवा. चार तास डोकं धुऊ नका, ड्रायर मारू नका. रात्रीची मात्रा निजण्याआधी दोन ते चार तास, नाहीतर औषध उशीवर जातं, तिथून गालांवर, आणि गालांवर लव वाढते. शेजारी झोपणारीच्याही. घरात मांजर असेल तर जास्त जपा: अगदी थोडं मिनॉक्सिडिल चाटण्यात आलं तरी मांजराच्या जिवावर बेतू शकतं. बाटली, उशीचा अभ्रा, ओलं डोकं, तिन्ही त्याच्यापासून लांब.

वाळल्यावर केसांत पांढरे कण दिसतात. ते बहुतेक वेळा सुकलेलं औषध असतं, कोंडा नव्हे. खाज सुटली, कातडी सोलली तर दोषी बहुधा द्रावणातलं प्रोपिलीन ग्लायकॉल. बहुतेक फेसांत ते नसतं, म्हणून बदलून बघता येतं. एखादी मात्रा चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट लावायची नाही. छातीत धडधड, चक्कर, पावलांना सूज आली तर थांबवून डॉक्टरांना कळवा, आणि हृदयाचा आजार असेल तर सुरूच मुळी त्यांना विचारून करा.

आता सर्वांत जास्त लोक जिथे गळपटतात ती जागा. सुरुवातीच्या दोन ते आठ आठवड्यांत केस आधीपेक्षा जास्त गळू शकतात. औषध विश्रांतीतल्या मुळांना एकदम जागं करतं, नवा केस खालून सरकतो आणि जुना बाहेर पडतो. माणूस घाबरून औषध सोडतो, म्हणजे खर्च करून नुसती गळती पदरात पाडून घेतो. फरक चौथ्या महिन्याआधी शोधू नये. निकाल बाराव्या महिन्यात लावावा. काहींच्या मुळांत हे औषध कामाला लावणारं सल्फोट्रान्सफरेज विकरच कमी असतं, त्यांना त्याचा गुण येत नाही. आणि ते सोडलं की तीन ते सहा महिन्यांत मिळवलेलं सगळं जातं.

तोंडाने घ्यायचं कमी मात्रेचं मिनॉक्सिडिल हल्ली बरेच डॉक्टर देतात, पुरुषांना बहुधा २.५ ते ५ मिलिग्रॅम. टक्कलासाठी त्याला अधिकृत मान्यता नाही, पण दिवसातून दोनदा डोकं चोळायला कंटाळलेल्यांना ते पेलतं. अंगावरचे केस वाढतात, पाय सुजू शकतात, नाडी जलद होऊ शकते. रक्तदाब न तपासता मित्राच्या चिठ्ठीवर घ्यायचं हे औषध नव्हे.

फिनास्टेराइडबद्दल सरळ बोलूया

मिनॉक्सिडिल वाढीला टेकू देतं. फिनास्टेराइड मुळात डीएचटीच कमी करतं. म्हणूनच राखण्याच्या कामात ते वरचढ. १९९२ मध्ये ५ मिलिग्रॅमची गोळी प्रोस्टेटसाठी आली, १९९७ मध्ये १ मिलिग्रॅमची केसांसाठी. रोज एक, जेवणाआधी वा नंतर, कुठल्याही वेळी. रक्तातलं डीएचटी ७० टक्क्यांच्या आसपास उतरतं. मान्यतेच्या चाचण्यांत दोन वर्षांनी माथ्यावरच्या केसांची मोजणी केली तेव्हा औषध घेणाऱ्यांपैकी ८३ टक्क्यांची संख्या घटली नव्हती. औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्यांत हेच प्रमाण २८ टक्के होतं. तीन महिन्यांआधी काही दिसत नाही, वर्षभराने ठरवायचं, सोडलं तर वर्षभरात फायदा ओसरतो.

भीती असते ती लैंगिक दुष्परिणामांची. त्याच चाचण्यांत इच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं किंवा वीर्य कमी येणं यांपैकी काहीतरी ३.८ टक्क्यांना झालं. नकली गोळीवर असलेल्या २.१ टक्क्यांनाही झालं. बहुतेकांचं औषध थांबवल्यावर पूर्ववत होतं. थांबवूनही त्रास राहिल्याचं सांगणारे रुग्ण आहेत. त्यांना उडवून लावणारा डॉक्टर मला पटत नाही आणि प्रत्येकाला हेच होणार म्हणून घाबरवणाराही नाही. २००७ मध्ये प्रोस्टेटच्या रुग्णांवर केलेली एक चाचणी इथे आठवावी. ५ मिलिग्रॅमच्याच गोळ्या, पण ज्यांना दुष्परिणाम आधी सांगितले त्यांच्यापैकी सुमारे ४४ टक्क्यांनी लैंगिक तक्रार केली, न सांगितलेल्यांत सुमारे १५ टक्क्यांनी. मनाचा वाटा असतो, याचा अर्थ सगळंच मनाचं असतं असा नाही.

मनाचाच दुसरा, जास्त गंभीर मुद्दा. युरोपीय औषध संस्थेने २०२५ मध्ये आत्महत्येचे विचार हा फिनास्टेराइड गोळ्यांचा दुष्परिणाम म्हणून नोंदवला. आधी नैराश्य येऊन गेलं असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, घरातल्या एकाला तरी कल्पना द्या, आणि औषध सुरू असताना मन खचायला लागलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता गोळी बंद करून डॉक्टरांना गाठा.

बाकी व्यवहाराच्या गोष्टी. प्रोस्टेटसाठी केली जाणारी पीएसए तपासणी या औषधाने साधारण निम्म्यावर येते. म्हणजे आलेला आकडा दुप्पट करून वाचायचा, आणि हे तपासणाऱ्या डॉक्टरांना ठाऊक असायला हवं. चाळिशीनंतर सुरू करत असाल तर आधी एकदा पीएसए करून ठेवायचा का ते विचारा. मूल होण्यासाठी प्रयत्न चालू असून वीर्यतपासणीत संख्या कमी आली असेल तर डॉक्टर काही काळ थांबवायला सांगू शकतात. ५ मिलिग्रॅमच्या गोळीचे चार तुकडे करून घेण्याची युक्ती पुष्कळांना माहीत असते. तुकडे सारखे होत नाहीत हा त्यातला लहान दोष, तुटलेल्या गोळीची भुकटी गरोदर बाईच्या हाताला लागणं हा मोठा, कारण मुलगा असेल तर गर्भाच्या जननेंद्रियांच्या वाढीत अडथळा येऊ शकतो. रक्तदान करायचं तर शेवटच्या गोळीनंतर महिनाभर थांबावं लागतं. छातीत गाठ किंवा स्तनाग्रातून स्राव दिसला तर लगेच दाखवा.

ड्युटास्टेराइड हा त्याचा थोरला भाऊ. विकराचे दोन्ही प्रकार अडवतो, डीएचटी ९० टक्क्यांहून जास्त उतरवतो. केसांसाठी त्याला दक्षिण कोरिया आणि जपानमध्ये मान्यता आहे, इतरत्र बहुतेक डॉक्टर आपल्या जबाबदारीवर देतात. फिनास्टेराइड वर्षभर घेऊनही घसरण चालू असेल तर त्याचा विचार होतो. ते शरीरातून निघायला महिने लागतात, म्हणून त्रास झाला तर तोही लवकर सरत नाही, आणि रक्तदानासाठी सहा महिने थांबावं लागतं. फिनास्टेराइड डोक्याला लावायच्या द्रावणातही मिळतं. त्यातलं काही रक्तात उतरतंच. ‘वरून लावायचं, म्हणजे निर्धोक’ हा समज चुकीचा.

मधले उपचार

थोडक्यात. कोंडा आणि खाज असेल तर २ टक्के किटोकोनाझोलचा शाम्पू, आठवड्यातून दोनदा, तीन ते पाच मिनिटं ठेवून धुवा. डोकं शांत झालं तर बाकीची औषधंही सोसतात. पीआरपीमध्ये स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेट्सचा भाग डोक्यात टोचतात. काहींना गुण येतो, पण प्रत्येक दवाखाना तो वेगळ्या पद्धतीने बनवत असल्याने एकाचा निकाल दुसऱ्याला लागू होत नाही. बारीक सुयांच्या रोलरची मिनॉक्सिडिलशी जोडी २०१३ मधल्या एका छोट्या भारतीय चाचणीत नुसत्या मिनॉक्सिडिलपेक्षा सरस ठरली. सुया टोचल्यावर २४ तास औषध लावायचं नाही, रोलर कुणाशी वाटून घ्यायचा नाही. लेझरचे कंगवे आणि टोप्या थोडाफार उपयोग करतात. बायोटिन कमी नसताना खाऊन काही होत नाही. तेलाने केस मऊ होतात.

केशरोपण

मागचा केस पुढे लावला तरी तो मागच्याच स्वभावाने वागतो, हे नॉर्मन ओरेंट्रायख यांनी १९५९ मध्ये मांडलं आणि सगळी शस्त्रक्रिया त्यावर उभी आहे. पण यात नवे केस तयार होत नाहीत, असलेले इकडचे तिकडे होतात. मोजमाप ग्राफ्टमध्ये, म्हणजे मुळांसकट काढलेल्या इवल्या तुकड्यांत, करतात. एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस, सरासरी दोनच्या थोडे वर. त्यामुळे कुणी ‘पाच हजार केस’ म्हणालं तर ते अडीच हजार ग्राफ्टही भरणार नाहीत.

एक हिशेब स्वतः करून बघा. समजा पुढून भोवऱ्यापर्यंत २०० चौरस सेंटिमीटर जागा उघडी पडली आहे. बरी दिसेल अशी दाटी म्हणजे चौरस सेंटिमीटरला ३५ ग्राफ्ट. झाले ७०००. बहुतेकांच्या मागच्या भागातून आयुष्यभरात निर्धास्त काढता येतात ते ६००० च्या आसपास, कित्येकांचे त्याहूनही कमी. म्हणजे पूर्ण टक्कल पूर्ण भरणं गणितातच बसत नाही. चांगला शल्यचिकित्सक म्हणूनच पुढचा भाग भरतो, भोवरा विरळ ठेवतो आणि काही ग्राफ्ट पुढच्या वीस वर्षांसाठी शिल्लक टाकतो.

पंचवीस वर्षांच्या आतल्या पोराला शाळेतल्या फोटोसारखी खाली, सरळ कड आखून देणं हा यातला सर्वांत महागात पडणारा घोळ. टक्कल कुठवर जाणार हे त्या वयात कळलेलं नसतं. कडेच्या पाठचे मूळचे केस जातात, लावलेले पुढे राहतात आणि कपाळावर एक पट्टी, मागे ओसाड बेट अशी अवस्था होते. म्हणून रोपणाआधी निदान वर्षभर औषध, आणि रोपणानंतरही तेच चालू. कड भुवयांच्या मध्यापासून साधारण ७ ते ९ सेंटिमीटरवर, किंचित वाकडीतिकडी, पहिल्या ओळीत एकेक केसाचे ग्राफ्ट. तसं नसेल तर ती लांबूनही लावलेली कळते.

पद्धती दोन. एकीत मागून कातडीची पट्टी काढून तिचे ग्राफ्ट करतात. एक लांब रेघ राहते, केस फार बारीक कापले की दिसते. दुसरीत ०.८ ते १ मिलिमीटरच्या पंचने, म्हणजे नळीसारख्या बारीक पात्याने, एकेक ग्राफ्ट काढतात. ठिपक्याठिपक्यांचे व्रण राहतात. ‘व्रणच पडत नाही’ ही थाप आहे. दुसऱ्या पद्धतीत हावरटपणे काढलं तर मागचा भाग कसर लागल्यासारखा दिसतो.

सल्लामसलतीत पुढचे प्रश्न स्पष्ट विचारा. कड कोण आखणार, ग्राफ्ट कोण काढणार, छिद्रं कोण पाडणार. डॉक्टर की तंत्रज्ञ? त्या दिवशी डॉक्टर आणखी किती रुग्ण करणार? मागचा भाग भिंगाखाली बघून दाटी मोजली का? तिथेही केस बारीक होत असतील तर रोपण करूच नये, कारण लावलेलेही जातील. डॉक्टरांऐवजी दुसरंच कुणी चिरे देतं ही तक्रार इतकी पसरलेली आहे की केशरोपण शल्यचिकित्सकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने तिच्याविरुद्ध मोहीम चालवली आहे.

नंतर पहिले काही दिवस डोकं उंच ठेवून झोपायचं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कपाळावरची सूज डोळ्यांवर उतरू शकते. दिसायला भयंकर असते, पण ओसरते. खपल्या सात ते दहा दिवसांत पडतात, नखाने काढायच्या नाहीत. दोन ते सहा आठवड्यांत लावलेले केस गळतात. मूळ आत राहतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उगवायला लागतात, वर्षाने निकाल, भोवऱ्यावर दीड वर्षही लागतं. ताप, वाढता ठणका, पू किंवा काळी पडलेली कातडी दिसली तर त्याच दिवशी जायचं.

हिशेब ठेवायचा तो फोटोंचा

आठवणीवर भरवसा नको. दर तीन महिन्यांनी चार फोटो: समोरून, दोन्ही कानशिलं, वरून भोवरा. तीच खोली, तोच दिवा, तेवढंच अंतर, केस कोरडे आणि तेवढेच लांब. ओले केस नेहमी विरळ दिसतात, आणि जाहिरातींतल्या ‘आधी-नंतर’च्या निम्म्या चमत्कारांत आधीचा फोटो ओल्या केसांचा असतो. सहा महिन्यांच्या भेटीत डॉक्टर मुख्यतः एवढंच बघतात, की औषध खरंच चालू आहे ना. बारा महिन्यांनी फोटो शेजारी ठेवून ठरवायचं. जसं होतं तसंच राहिलं असेल तर औषध लागू पडलंय. इथे फसगत होते, ‘काहीच फरक नाही’ म्हणून लोक नेमकं चालणारं औषध बंद करतात. घसरण चालू असेल तर आधी मात्रा आणि रीत तपासायची, मग निदान पुन्हा, आणि त्यानंतर औषध बदलायचं.

दिवसाचे तास आरशापुढे जात असतील, टोपीशिवाय बाहेर पडणं थांबलं असेल, आणि इतरांना दिसत नसलेला विरळपणा तुम्हाला भयंकर दिसत असेल, तर मनोविकारतज्ज्ञाची भेट केशरोपणाच्या आधी घ्या. अशा अवस्थेत केलेली शस्त्रक्रिया कितीही छान झाली तरी समाधान देत नाही.

आणि ज्याला यांतलं काहीच करायचं नाही, त्याने एकदा डॉक्टरांकडून निदान पक्कं करून घ्यावं आणि मशीन एक-दोन नंबरला लावून केस बारीक ठेवावेत. कडेचे केस आखूड झाले की मधला विरळपणा खुपत नाही. उघड्या माथ्याला मात्र उन्हाची सवय नसते. एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन, कानांच्या वरच्या कडांसकट, आणि माथ्यावर बरी न होणारी खपली किंवा रंग बदलणारा तीळ दिसला तर तो त्वचारोगतज्ज्ञालाच दाखवायचा.